भिंतीवर तीन ठोके

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मम्मीला नाही, पप्पांना नाही, आणि मी तिच्यापासून काहीच लपवत नाही असं जिला वाटतं त्या माझ्या मैत्रिणीलाही नाही. कसं सांगावं ते सुचत नव्हतं असं म्हणाले, तर तेही खोटंच होईल. सुचत होतं. सगळी मिळून चार वाक्यांची गोष्ट आहे. ती चार वाक्यं मी सात वर्षं तोंडात धरून बसले आहे.

मी मुळात कमी बोलते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं, लग्नकार्यात मम्मीच्या मागे उभं राहायचं, शाळेत बाई वर्गाला प्रश्न विचारायला लागल्या की वहीत काहीतरी लिहीत राहायचं. गंमत अशी की तुम्ही कमी बोललात की लोक तुम्हाला गुणी समजतात. आमच्या गल्लीत माझी तीच ओळख होती — शांत पोरगी, खोटं बोलणार नाही. मी खरंच खोटं बोलत नव्हते. बोलतच नव्हते तर खोटं कुठून बोलणार? आणि म्हणूनच, ज्या दिवशी बोलले त्या दिवशी कुणाला शंकासुद्धा आली नाही.

कुठून सुरू करू? यादीपासून करते.

माझी दहावीची परीक्षा संपली होती. महाबळेश्वरच्या अलीकडे डोंगरावर दहा दिवसांचा समर कॅम्प होता आणि पप्पा चक्क हो म्हणाले होते. तोवर मी घराबाहेर एकटी राहिले होते ती फक्त मोडनिंबला, मावशीकडे, तीही दोन दिवस. कॅम्पला माझ्या वर्गातलं कुणी येणार नव्हतं. मला तेच हवं होतं. जिथे कुणी ओळखत नाही तिथे आपण वेगळी मुलगी होऊ — पुढे होऊन नाव सांगणारी, मोठ्याने हसणारी — असं तुम्हाला कधी वाटलंय का? मला त्या महिन्यात रोज वाटायचं.

कॅम्पवाल्यांनी इंग्रजीत छापलेली एक लांबलचक यादी पाठवली होती. टॉर्च. टोपी. दोन पाण्याच्या बाटल्या. डॉक्टरांची सही असलेला फॉर्म. धुतलेली चादर. प्रत्येक कपड्यावर, अगदी प्रत्येक मोज्यावर, न जाणाऱ्या शाईने नाव. मी ती फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि एकेक गोष्ट झाली की तिच्यापुढे निळ्या पेनने बरोबरची खूण करत गेले. खुणा करायला मला फार आवडतं. खाली थोडी जागा मोकळी होती, तिथे मम्मीने आपल्या अक्षरात मराठीत तीन कामं वाढवली. लायब्ररीचं पुस्तक परत करणे. केस धुणे. आणि सगळ्यात खाली — पाणी आलं की काकूंसाठी भिंतीवर ठोकणे.

ही शेवटची ओळ समजावून सांगावी लागेल.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतून एकदा येतं. वेळ सांगितलेली असते, पण चावीवाला येऊन चावी फिरवेल ती खरी वेळ. आधी नळातून हवा सुटते, मग तो खोकतो, मग पाणी. तो खोकला ऐकला की गल्लीतली प्रत्येक बाई हातातलं काम टाकून उठते. फक्त आमच्या शेजारच्या शांताकाकू उठायच्या नाहीत. त्यांना तो ऐकूच यायचा नाही.

काकू एकट्या राहायच्या. तरुणपणी वीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचं काम केलं होतं, आणि मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पुरते गेले नव्हते. समोर बसून मोठ्याने बोललं की कळायचं, राहिलेलं त्या ओठांवरून ओळखायच्या. काका वारल्यावर त्यांनी कारखाना सोडला आणि कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. ज्वारीची, पापडासारखी पातळ, विस्तवाच्या कडेला उभी करून वाळवलेली. दुकानदार त्यांच्याकडून शेकड्याने भाकरी न्यायचे. त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. दिवसभर त्या त्याच भिंतीला पाठ टेकून बसायच्या; पुढ्यात शेगडी, मांडीजवळ परात.

आणि पाठीने ऐकायच्या. ही युक्ती पप्पांची. पाणी आलं की आमच्या स्वयंपाकघरातून खलबत्त्यातल्या बत्त्याने भिंतीवर तीन ठोके द्यायचे. ते काकूंच्या पाठीला कळायचे. पलीकडून त्या पिठाच्या हाताने भिंतीवर एक थाप मारायच्या — कळलं म्हणून — आणि उठून हौदाची मोटर लावायच्या. सहावीत होते तेव्हापासून हे काम माझ्याकडे होतं. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "माजा कान ह्यो. भाड्यानं ठेवलाय, भाकरी देऊन." माझं नाव श्रेया, पण त्यांच्या घरची बोली कानडी, त्यामुळे त्या मला श्रेयव्वा म्हणायच्या. शाळेच्या रिक्षातल्या मैत्रिणींसमोर त्यांनी दारातून "ए श्रेयव्वा" अशी हाक मारली की मी मान खाली घालून घरात शिरायचे.

दुसरा एक नियम होता, तोही पप्पांचा. आधी काकू, मग आपण. दोन्ही घरांना एकच लाइन. दोन मोटरी एकदम लावल्या तर कुणालाच धड पाणी मिळायचं नाही. काकूंचा हौद लहान, वीस-पंचवीस मिनिटांत भरायचा. तो भरला की त्या पुन्हा एक थाप मारायच्या आणि मग आमची मोटर सुरू. चार वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. ती मला गाळता आली असती तर बरं झालं असतं.

काकूंचा मुलगा पुण्यात नोकरीला. मल्लूदादा. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि तो स्पीकरवर असायचा, त्यामुळे अर्ध्या गल्लीला ऐकू जायचा. आई, आता बास कर. आई, इकडे ये. तुला ऐकू येत नाही, एकटीला काही झालं तर? काकू भाकरी थापता थापता ओरडून सांगायच्या, "भितीवरचं ठोकं कळंना झालं की येते बग! तवर नाव काडू नगस!" आणि हसायच्या. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? वीस वेळा? जास्तच. म्हणजे मला माहीत होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या — मला माहीत होतं.

कॅम्पला पहाटे निघायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मम्मी-पप्पा वैरागला एका साखरपुड्याला गेले होते. पाणी संध्याकाळी येणार होतं. निघताना मम्मी म्हणाली, "आम्ही त्याच्या आत येतोच, पण लवकर आलं तर—" मी तिला पुढे बोलू दिलं नाही. ठोकते ना मम्मी, एवढी वर्षं कोण ठोकतंय, असं काहीतरी म्हणाले. माझं लक्ष यादीकडे होतं. अकरा खुणा राहिल्या होत्या.

पाणी सकाळी साडेदहाला आलं.

नळ खोकला आणि मी बत्ता उचलला. हे मला स्वच्छ आठवतं. तो हातात घेऊन मी भिंतीसमोर उभी होते. मोरीत ट्रॅकसूट आणि चादर भिजत पडली होती, बूट धुवायचे होते, केस धुवायचे होते, आणि गच्चीवरची टाकी कोरडी होती. ठोकलं की पंचवीस मिनिटं काकूंची. नंतर त्या बाहेर येणार, आमच्या दारात बसणार, "काय काय भरलंस दाव की" म्हणणार, प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघणार, टॉर्च लावून बघणार. अर्धा तास तो. आजच्या दिवस आधी आपली टाकी — दहाच मिनिटं — मग लगेच ठोकू. त्यांना काय कळणार आहे?

हो, हेच मनात आलं. त्यांना काय कळणार आहे.

मी बत्ता खाली ठेवला आणि आमची मोटर लावली.

मग मी मोज्यांवर नावं घालायला बसले. कानात इयरफोन होते. सहा मोजे, चार टी-शर्ट, दोन टॉवेल, टोपीच्या आतली पट्टी. अक्षर चांगलं यावं म्हणून कापडाखाली पुठ्ठा धरत होते. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. गाणं संपलं आणि दोन गाण्यांच्या मधल्या जागेत मला पाणी पडल्याचा आवाज आला. धो धो. आमची टाकी भरून वाहत होती. गच्चीवरून पाइपातून सरळ गटारात.

मी धावत जाऊन मोटर बंद केली. बत्ता घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, आधी नळ उघडून पाहिला. दोन थेंब आले, आणि हवा.

पाणी गेलं होतं. गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापलं भरून घेतलं होतं. काकूंच्या दारावर कुणी गेलं नव्हतं, कारण काकूंना सांगायचं काम कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा शेजारी जाऊन सांगायला हवं होतं, नाही का? काकू, चुकले. आमची टाकी भरलेली आहे, पाइप लावते, बादल्या आणून देते. त्या काय म्हणाल्या असत्या? एक शिवी दिली असती कानडीत, पाठीवर एक धपाटा, आणि वर भाकरीचा तुकडा. एवढंच. मी काय केलं? ट्रॅकसूट धुतला. चादर धुतली. बूट घासले. केस धुतले, दोनदा शांपू लावून. आणि प्रत्येक काम झालं की फ्रिजपाशी जाऊन खूण केली. भिंतीच्या पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्यांच्याकडे पिंपात जेमतेम त्या दिवसापुरतं पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी एका लग्नघरी तीनशे भाकऱ्या द्यायच्या होत्या. हे पण मला माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं.

पाचच्या सुमारास त्या आल्या. हातात कापडात बांधलेलं गाठोडं. माझ्यासाठी वीस कडक भाकऱ्या आणि डबाभर शेंगाची चटणी, कॅम्पला न्यायला. "डोंगरावर काय पाव-बिव घालतेत का कोण जाणे," म्हणाल्या. "उपाशी राहू नगं. आन समद्यास्नी दे, एकटीच खाऊ नगं." मम्मी-पप्पा नुकतेच परत आले होते, मम्मीच्या अंगावर अजून साखरपुड्याची साडी होती. काकूंनी तिला विचारलं, "पानी कवा सुटायचं म्हनं गं आज?"

मम्मीने गच्चीकडे पाहिलं. टाकीच्या पाइपाखाली भिंतीवरची धूळ पाण्याने धुऊन गेली होती. "आलं की, काकू. आमची टाकी भरली ना." मग ती माझ्याकडे वळली. "तू ठोकलं नाहीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पप्पासुद्धा. कुणाच्या नजरेत संशय नव्हता — फक्त प्रश्न होता.

"ठोकलं," मी म्हणाले. आणि ते एवढ्यावर थांबलं नाही. "दोन वेळा ठोकलं. दारही वाजवलं."

दारही वाजवलं! हे कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. मी, जी चार शब्द बोलायला घाबरते, ती न विचारता खोट्याला ठिगळ लावत होते.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी माझे ओठ नीट पाहिले, मग मम्मीला हळूच विचारलं, काय म्हनली? मम्मीने मोठ्याने परत सांगितलं. काकूंचा हात आपोआप मानेमागे गेला, पाठीकडे, जणू तिथे काही सांडलंय का ते बघायला. "मी तर हितंच हुते की," त्या म्हणाल्या. "जागची हलले बी न्हाय."

इथपर्यंतचं कुणी समजून घेईल. सोळा वर्षांची मुलगी, घाबरली, खोटं बोलली. मीही स्वतःला बरीच वर्षं एवढंच सांगत आले — माझी गोष्ट मी इथेच थांबवायचे. पण ती इथे थांबत नाही.

काकू म्हणाल्या, "श्रेयव्वा, परत ठोक बरं एकदा. मी जाऊन बसते माज्या जागेवर. बगू तर खरं." मम्मी त्यांचा हात धरून त्यांच्यासोबत गेली. पप्पा बाहेर दारात उभे राहिले. मी एकटी स्वयंपाकघरात आले आणि बत्ता उचलला.

कळतंय ना, माझ्या हातात काय होतं ते? नेहमीसारखे तीन ठोके द्यायचे, बस. काकूंना कळलं असतं, त्यांनी थाप मारली असती, हसल्या असत्या — "सकाळी डुलकी लागली असंल बग मला." माझं खोटं कदाचित तरीही टिकलं असतं. पण मला तेव्हा ते दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की आता त्यांना ऐकू गेलं, तर सकाळी का गेलं नाही, असं कुणीतरी विचारेल.

मी हळू ठोकलं.

बत्ता तोच होता. फक्त मनगट सैल सोडलं. इतकी वर्षं ठोकत आले होते. किती जोराचा ठोका कानाला ऐकू येतो आणि किती जोराचा पाठीपर्यंत पोचतो, याचा मला अगदी नेमका अंदाज होता. पलीकडे उभ्या असलेल्या मम्मीला ऐकू जाईल एवढं, आणि भिंतीला टेकलेल्या काकूंना कळणार नाही एवढं. ठक, ठक, ठक. मग मी वाट पाहिली. थाप आली नाही.

भिंतीपलीकडून मम्मीचा आवाज आला, काकूंना कळावं म्हणून मोठ्याने काढलेला. "काकू, आत्ता ठोकलं तिने. मला ऐकू आलं."

माझ्या आईला मी साक्षीदार केलं. तिला ते अजून माहीत नाही.

संध्याकाळी मम्मीने आमच्या टाकीतून काकूंचं पिंप भरून दिलं, पप्पांनी बादल्या उचलल्या, मीही दोन उचलल्या. काकूंच्या तीनशे भाकऱ्या झाल्या असाव्यात. पाण्याचं नुकसान तेवढ्यात मिटलं. काकू बादल्या उतरवून घेताना नेहमीसारख्या बडबडत नव्हत्या, एवढंच. माझ्या धुतलेल्या केसांवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुजी काय चूक न्हाय गं बाळ. तू तर ठोकलंस की."

घरी आल्यावर मी यादीतली शेवटची खूण केली.

कॅम्प छान झाला. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण झाला. तिसऱ्या दिवशी तंबूत सगळ्यांना भूक लागली, तेव्हा मी ते गाठोडं सोडलं. मुंबई-नाशिकच्या मुलींनी कडक भाकरी कधी पाहिलीच नव्हती. त्या ती कडाकड मोडून चटणीशी खायला लागल्या, माझं नाव विचारायला लागल्या, रात्री मला आपल्यात बसवायला लागल्या. मला जी वेगळी मुलगी व्हायचं होतं ती मी काकूंच्या भाकऱ्यांवर झाले. भाकऱ्या संपेपर्यंत सगळ्यांना दिल्या, त्यांनी सांगितल्याप्रमाणे. मी एकही खाल्ली नाही. हा माझा चांगुलपणा नव्हे. घास उतरला नसता, म्हणून.

परत आले तेव्हा काकूंच्या दाराला कुलूप होतं.

मम्मीने सांगितलं की मल्लूदादा गाडी घेऊन आला होता. त्याने बोलावलं म्हणून नाही — काकूंनीच रविवारी फोनवर त्याला ये म्हणून सांगितलं. तवा आणि परात पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला दिली. दुकानदारांना निरोप दिले. जाताना आमच्याकडे चहा प्यायल्या. मम्मी म्हणाली, रडल्या-बिडल्या नाहीत. फक्त आमच्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीवर या बाजूने हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मान हलवली आणि बॅग उपसायला गेले. तेव्हाही सांगता आलं असतं. एक फोन, बस. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग अकरावीचे क्लास सुरू झाले. मग काकूंचं घर भाड्याने गेलं. मग हे सांगायला फार उशीर झालाय असं वाटायला लागलं, आणि तसं वाटणं मला सोयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी पुण्याला आले. मम्मीने शेंगाची चटणी दिली होती, काकूंना पोचव म्हणून. ती मी पाच आठवडे कपाटात ठेवली. शेवटी गेले.

सातवा मजला. चोवीस तास पाणी. हॉलमध्ये सोफा असूनही काकू खाली जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ टेकून. हात स्वच्छ. मला ते बघवेना — त्या हातांवर पीठ नाही असं मी कधी पाहिलंच नव्हतं. कानाचं यंत्र होतं पण ते बोचतं म्हणून त्या काढून ठेवायच्या. मला बघून त्या इतक्या जोरात "श्रेयव्वा!" म्हणाल्या की आतून सूनबाई धावत आली. मम्मी कशी हाय, पप्पांचं गुडघं कसं हायत, पानी अजून पाच दिवसांनीच येतं का? मी उत्तरं देत होते.

मध्येच त्यांनी मागे न बघता भिंतीवर एक थाप मारली. जशा पूर्वी मारायच्या.

मी बघतच राहिले. त्या हसल्या. "शेजारचं पोरगं बॉल टाकायलंय भितीवर. रोज ह्याच टायमाला. मी बी थाप मारते, मग ते परत मारतंय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी भिंतीजवळ सरकले, तळवा टेकवला. तेव्हा कळलं — अगदी हलकं, मऊ चेंडूचं. मला कानाने न कळलेलं काकूंना पाठीने कळलं होतं.

त्यांच्याही डोक्यात तेच आलं असावं. माझ्याकडे बघून त्या थांबल्या. मला वाटलं, आता. आता त्यांना उमगलं. आणि — खरं सांगते — एक क्षण सुटल्यासारखं वाटलं.

पण त्यांनी स्वतःच मान हलवली. "हितली भित लई पातळ हाय," म्हणाल्या. "आपली जाड हुती की. तवा तू किती जोरात ठोकलं असशील बिचारी, तरी मला कळलं न्हाय."

त्या माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या. मी नीट, सावकाश, त्यांना वाचता येईल असं म्हणाले, "हो काकू. जोरात ठोकलं होतं."

त्यांनी माझा गाल कुरवाळला. मी चहा प्यायले. निघताना त्यांनी मला लिफ्टपर्यंत सोडलं.

त्यांचं घर माझ्या खोलीपासून अर्ध्या तासावर आहे. त्या तिथेच आहेत, त्याच भिंतीपाशी. मी त्यानंतर गेलेले नाही. हे मी तुम्हाला सांगितलं, त्यांना नाही. म्हणजे अजूनही मी तीच आहे.

ती कॅम्पची यादी माझ्याकडे आहे. घर रंगवताना मम्मी फ्रिजवरचे कागद टाकून देत होती, तेव्हा मी ती काढून घेतली. एकही काम राहिलेलं नाही. सगळ्यात खालच्या ओळीपुढेही निळी खूण आहे, बाकीच्यांपेक्षा जरा ठळक.

आणि ती चार वाक्यं अशी. पाणी आलं तेव्हा मी ठोकलं नाही. ठोकलं म्हणून सांगितलं. मग काकूंना कळू नये म्हणून हळू ठोकलं. त्यांची पाठ शाबूत होती.